फुलपाखरांचे माहेर शेताच्या बांधावर

भाद्रपद सरत आला, पावसाने उघडीप दिली आणि सातपुड्याच्या पायथ्याचे ओढे निवळू लागले की खानदेशात सहलींचे दिवस सुरू होतात. रावेर तालुक्यातील पाल, यावल तालुक्यातील मनुदेवी, चाळीसगावजवळचे पाटणादेवी, शिरपूर तालुक्यातील अनेर धरणाचा परिसर आणि धुळ्याच्या वेशीवरचे लळिंग ही त्यांची नेहमीची ठिकाणे. देवदर्शनासाठी आणि वनभोजनासाठी निघणाऱ्या मंडळींत आता फुलपाखरे पाहणाऱ्यांचीही भर पडली आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ‘ब्लू मॉरमॉन’ या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. २०२० पासून सप्टेंबर महिन्यात देशभरातील हौशी निरीक्षक फुलपाखरांच्या नोंदी करू लागले. शाळेच्या मुलांपासून निवृत्त अधिकाऱ्यांपर्यंत अनेकांना या छंदाने ओढून घेतले आहे.

हे सारे स्वागतार्हच आहे. ज्या प्रदेशाची ओळख बाहेरच्या जगाला केळी, कापूस आणि पंचेचाळीस अंशांवर जाणारा उन्हाळा एवढ्यापुरतीच आहे, त्या प्रदेशातील माणसे एखाद्या इवल्याशा जिवासाठी उन्हातान्हात पायपीट करतात, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु या हौसेला योग्य वळण लागले नाही, तर तिची मजल छायाचित्रापलीकडे जाणार नाही. फुलपाखरू दिसले की कॅमेरा काढायचा आणि अळी दिसली की फवारणीचा पंप काढायचा, अशी आज आपली रीत आहे. अळीचेच पुढे फुलपाखरू होते, हा प्राथमिक शाळेतला धडा प्रौढपणी विसरला जातो. फुलपाखरांचे भवितव्य नेमके या विसरण्यात अडकले आहे.

फूल आणि पान

फुलपाखरू फुलावर बसते, म्हणून फुले लावली की फुलपाखरे येतील, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नाही, पण अर्धाच खरा आहे. फूल ही वाटसरूची पाणपोई आहे. तेथे घोटभर मध घेऊन फुलपाखरू पुढे जाते. त्याचे घर असते ते पानावर. मादी अंडी घालते ती ठराविक वनस्पतींवरच. पानावर उतरून ती पायांनी त्याची चव घेते, ओळख पटली तरच अंडे ठेवते आणि नाही पटली तर उडून जाते. कारण तिच्या अळीला दुसरे काही खाता येत नाही. ज्या गावात ती वनस्पती नाही, त्या गावात फुलांचे ताटवे कितीही फुलवले, तरी त्या जातीचे फुलपाखरू पाहुणा म्हणून येईल, पण नांदणार नाही.

खानदेशापुरता विचार केला, तर या वनस्पती कोणत्या? त्यांतल्या बऱ्याचशा रोपवाटिकेत विकत मिळत नाहीत, कारण त्यांना कोणी विकत घेण्याजोगे मानलेलेच नाही. ज्या रुईच्या पानांची माळ शनिवारी मारुतीला घातली जाते, त्याच रुईवर ‘प्लेन टायगर’ हे नारिंगी रंगाचे, काळ्या कडांचे फुलपाखरू वाढते. रुईच्या चिकातले विष अळी आपल्या अंगात साठवते आणि त्या बळावर पुढे फुलपाखरू पक्ष्यांपासून निर्धास्त राहते. पहिल्या पावसानंतर उगवणारा टाकळा, ज्याला पूर्वेकडे तरोटा म्हणतात, आणि उन्हाळ्यात पिवळा धमक फुलणारा बहावा यांवर ‘एमिग्रंट’ जातीची फिकट पिवळी-पांढरी फुलपाखरे पोसली जातात. आषाढी द्वादशीला जिच्या फळांची भाजी आवर्जून केली जाते, त्या वाघाटीच्या काटेरी वेलीवर ‘पायोनियर’ आणि ‘कॉमन गल’ यांचे संसार चालतात. बोरीच्या पानांवर नखाएवढी ठिपक्यांची फुलपाखरे वाढतात आणि त्यांच्या अळ्यांभोवती मुंग्यांचा राबता असतो. काळ्या जमिनीत पसरणारी किडामारी ही ‘कॉमन रोज’ आणि ‘क्रिमसन रोज’ या देखण्या फुलपाखरांची दाई. परसातला कढीपत्ता आणि लिंबू हे ‘लाइम’ फुलपाखराचे, तर कुंपणाचा एरंड हा ‘कॅस्टर’ फुलपाखरांचा आसरा. साधे गवतसुद्धा निरुपयोगी नाही. त्यावर वाढणारे ‘इव्हनिंग ब्राउन’ पावसाळ्यात पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके मिरवते आणि कोरड्या ऋतूत वाळल्या पानासारखे रूप घेऊन पाचोळ्यात दिसेनासे होते.

घोळीचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. ही भाजी खानदेशातल्या घराघरांत खाल्ली जाते आणि शेतात उगवली की तण म्हणून खुरपलीही जाते. ‘डॅनेड एगफ्लाय’ या फुलपाखराच्या अळ्या हिच्यावर वाढतात. या फुलपाखराची मादी हुबेहूब ‘प्लेन टायगर’चे सोंग घेते आणि त्या विषारी फुलपाखराच्या नावावर आपला जीव वाचवते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, हे फुलपाखरू बसवले गेले होते. २०२२ च्या दुरुस्तीने त्या कायद्याची परिशिष्टे नव्याने मांडली गेली. परंतु परिशिष्टे जुनी असोत वा नवी, कायद्याने फुलपाखराला अभय द्यायचे आणि त्याच्या अन्नाला मात्र कोणी वाली नसावा, ही विसंगती कायमच आहे.

डेव्हिडसन यांचा वारसा

फुलपाखराचा अभ्यास पानापासून सुरू करावा, ही दृष्टी काही आजची नाही, आणि तिचा खानदेशाशी एक जुना धागाही जुळलेला आहे. गेल्या शतकाच्याही आधी, १८८० च्या सुमारास, जेम्स डेव्हिडसन नावाचे एक सनदी अधिकारी पश्चिम खानदेशात कामावर होते. सरकारी दौऱ्यांतून त्यांनी या भागातील पक्ष्यांची यादी तयार करून प्रसिद्ध केली. पुढे कारवारकडे बदली झाल्यावर टी. आर. बेल हे वनाधिकारी आणि साताऱ्यात जन्मलेले ई. एच. एटकेन यांच्यासह त्यांनी उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांवर एक लेखमाला लिहिली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १८९६ ते १८९८ या काळात ती प्रसिद्ध झाली. मेलेली फुलपाखरे टाचणीला लावून ठेवण्याच्या त्या जमान्यात या तिघांनी अळ्या घरी आणून वाढवल्या आणि कोणती अळी कोणत्या वनस्पतीवर जगते याची बारकाईने नोंद केली. आज अभ्यासक ज्या ज्ञानावर विसंबतात, त्याचा मोठा भाग या नोंदींवर उभा आहे. दुर्दैवाने खानदेशाच्या वाट्याला डेव्हिडसन यांची पक्ष्यांची यादी आली, फुलपाखरांची आली नाही.

याच डेव्हिडसन यांनी खानदेशातून रानपिंगळ्याचे नमुने गोळा केले होते. १८८४ नंतर हा पक्षी खात्रीलायकपणे कोणाला दिसला नाही. एका ब्रिटिश संग्राहकाने चोरलेल्या नमुन्याला खोटी चिठ्ठी लावून तो १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचे भासवले होते, त्यामुळे शोध घेणारेही भलतीकडे भरकटले. अखेर जुन्या नोंदी तपासून अभ्यासक मूळ ठिकाणी आले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, म्हणजे एकशे तेरा वर्षांनी, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. योग्य जागी पाहिले नाही, तर असलेले धनही दिसत नाही, हा या कथेचा बोध आहे. फुलपाखरांच्या बाबतीत ही योग्य जागा म्हणजे शेताचा बांध, ओढ्याचा काठ, गायरान आणि गावकुसाची पडीक जमीन.

बांधावर काय चालले आहे?

आणि नेमक्या याच जागा आज झपाट्याने उघड्या पडत आहेत. जमिनीचे तुकडे होत गेले तसे बांध अरुंद झाले. मजुरी महागली आणि वेळेवर मजूर मिळेनासा झाला, तेव्हा खुरप्याची जागा तणनाशकाने घेतली. खुरपणीत मुळे राहत, कडेकोपऱ्याचे रोप वाचत असे. फवारणीत बांधही पिवळा पडतो. जे उरते ते उन्हाळ्यात काडी लावून जाळले जाते. रस्ते रुंद होताना कडेच्या बोरी-बाभळी आणि वाघाटीच्या जाळ्या गेल्या. सातपुड्याच्या जंगलात घाणेरीने पाय पसरले आहेत. तिच्या फुलांवर फुलपाखरांची गर्दी दिसते म्हणून सहलीला आलेली मंडळी खूष होतात. पण तिच्या दाट जाळीखाली स्थानिक रोपे उगवू शकत नाहीत, हे त्यांच्या ध्यानी येत नाही.

याचा दोष सरसकट शेतकऱ्याच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस उत्पादकाला कसे नागवले, हे या भागाला सांगायला नको. ती बोंडअळी फुलपाखराची नसून पतंगाची होय. पण डाळिंबाच्या फळात शिरणारी अळी एका फुलपाखराचीच असते आणि लिंबाच्या कोवळ्या रोपांचा फडशा पाडणारी अळीही फुलपाखराचीच. अशा वेळी शेतकऱ्याला सौंदर्यदृष्टीचे धडे देणे हा शहरी उद्धटपणा ठरेल. मागणी एवढीच आहे की पिकातल्या किडीचा बंदोबस्त पिकात व्हावा, बांधावरच्या रुईला आणि टाकळ्याला त्याची शिक्षा होऊ नये. शेतकऱ्याचे हित आणि फुलपाखराचे हित जेथे जुळते, अशाही जागा आहेत. जमिनीचा कस वाढवण्यासाठी जो ताग पेरून गाडला जातो, त्याच्याच कुळातल्या वनस्पतींच्या वाळल्या भागांवर ‘टायगर’ जातीचे नर थव्याने जमतात आणि मादीला आकर्षित करणारा गंध तयार करण्यासाठी लागणारी द्रव्ये त्यातून शोषून घेतात. तागाचा एखादा पट्टा उभा राखण्यास शेतकऱ्याला फारसे काही पडत नाही.

शहरांची तऱ्हा आणखी वेगळी आहे. फुलपाखरू उद्यान म्हटले की परदेशी फुलझाडांच्या रांगा, सिमेंटची रंगीत फुलपाखरे आणि प्रवेशद्वारावर फलक, अशी कल्पना रूढ होत आहे. याउलट ठाण्याजवळ ओवळे येथील ओवळेकर वाडीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथे जाळी नाही, पिंजरा नाही. शेतजमिनीवर मधाची फुलझाडे आणि अळ्यांना लागणाऱ्या वनस्पती एकत्र लावल्या गेल्या आणि फुलपाखरे आपणहून येऊन राहिली. खानदेशचा पाऊस ठाण्याच्या मानाने फारच तुटपुंजा आहे, त्यामुळे तेथील झाडांची यादी येथे जशीच्या तशी उतरवून चालणार नाही. पण तत्त्व तेच राहील, आणि येथे लागणारी झाडे तर पाण्यावाचून तगणारी आहेत.

करता येण्याजोगे

या दृष्टीने पाहता काही गोष्टी सहज शक्य आहेत. पहिली म्हणजे सहलींचे रूप बदलणे. पक्षी पाहणाऱ्यांप्रमाणे पहाटे उठण्याचे कारण नाही. फुलपाखराला उडण्यासाठी अंग तापावे लागते, म्हणून सकाळचे ऊन चढल्यावर निघणे उत्तम. ओढ्याच्या ओल्या वाळूवर नर फुलपाखरे क्षार शोषण्यासाठी जमतात, ती जागा वाहने धुण्यासाठी नव्हे, हे सांगणारा कोणी सोबत असावा. आणि प्रत्येक सहलीत जेवढा वेळ पंख पाहण्यात जातो, निदान तेवढाच पाने उलटून पाहण्यात जावा. यावल अभयारण्यात किंवा अनेरच्या परिसरात ही वाट दाखवायला पावरा, भिल्ल, तडवी समाजांतील जाणत्या स्त्री-पुरुषांहून अधिक चांगला वाटाड्या मिळणार नाही. वनस्पतींची नावे त्यांच्या तोंडी आहेत. त्या ज्ञानाचा रास्त मोबदला त्यांना मिळाला, तर जंगल राखण्यात त्यांचाही लाभ राहील.

दुसरी गोष्ट ग्रामपंचायतींची. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ठिकाणी समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०२० अखेरची मुदत घातल्यावर या नोंदवह्या भरण्याची एकच धांदल उडाली. आता सावकाशीने गावातल्या शाळेच्या मुलांकडून रुई, टाकळा, घोळ, वाघाटी, किडामारी कोठे उगवते आणि तिच्यावर काय वाढते याची नोंद करून घेतली, तर ती वही कपाटातून बाहेर येईल आणि गायरानाच्या एका कोपऱ्यात या वनस्पती राखण्याला आधारही मिळेल. शाळांच्या कुंपणाला काटेरी तारेऐवजी वाघाटी आणि हिरणदोडी चढवता येईल. नगरपालिकांनी आपल्या उद्यानांचा एखादा वाफा न फवारता, न छाटता सोडून दिला, तर त्याला वेगळी तरतूदही लागणार नाही.

यांतले काहीही खर्चाचे नाही, आणि कदाचित म्हणूनच ते मागे पडते. ज्या कामाचे टेंडर निघत नाही आणि ज्याच्यासाठी फीत कापावी लागत नाही, त्याला आपल्या सार्वजनिक जीवनात सहसा कोणी पुढे येत नाही. निसर्गाचे लोभस रूप शब्दांत बांधणारे बालकवी जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावचे, याचा खानदेशाला सार्थ अभिमान आहे. त्या मातीत वाढणाऱ्या मुलांना पुढच्या पिढीत फुलपाखरू केवळ पुस्तकाच्या पानावर दाखवावे लागू नये, असे वाटत असेल, तर यंदा बांधावर काडी लावण्यापूर्वी तेथल्या रुईचे एक पान उलटून पाहावे. त्याच्या पाठीमागे काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची एक अळी निमूटपणे आपले काम करीत असण्याचा बराच संभव आहे.