घाम, धाप आणि डबके

वैशाखात तापीच्या खोऱ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. जळगाव-भुसावळ काय आणि धुळे काय, दुपारी रस्ते ओस पडतात. अशा वेळी खिडकीतून बाहेर पाहावे. निंबाच्या फांदीवर कावळा चोच उघडी ठेवून बसलेला असतो, कुत्रे ओलसर मातीला पोट टेकून धापा टाकत असते, तर म्हैस डबक्यात मानेपर्यंत बुडालेली असते. शरीरातील उष्णता बाहेर टाकणे हे एकच काम हे तिघे आपापल्या परीने करत असतात.

पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. त्यांच्या घशातून व श्वसनमार्गातून पाण्याची वाफ होते आणि तिच्याबरोबर उष्णता निघून जाते. कुत्र्याला घाम सुटतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना. म्हणून त्याची भिस्त जिभेवर आणि धापेवर. म्हशीची कातडी काळी, केस विरळ आणि गायीच्या मानाने घामाच्या ग्रंथी फारच कमी. त्यामुळे तिला सावली आणि पाणी लागतेच. उंटाची रीत निराळी. पाण्याचा तुटवडा असेल, तर तो दिवसा शरीराचे तापमान सुमारे ४१ अंशांपर्यंत चढू देतो आणि रात्रीच्या गारव्यात ते ३४ अंशांपर्यंत उतरू देतो.

माणसाला ती सवलत नाही. हवा शरीरापेक्षा अधिक तापली, की आपल्यापाशी घामाचाच मार्ग उरतो. एक लिटर घाम त्वचेवर वाळला, तर जवळजवळ सहा लिटर बर्फगार पाण्याला उकळी आणील एवढी उष्णता तो घेऊन जातो. मात्र उतारवयात घाम कमी येतो, त्वचेकडील रक्तप्रवाह मंदावतो आणि तहानही पुरेशी जाणवत नाही. लघवी वाढवणाऱ्या, तसेच कंपवाताच्या व मानसिक आजारांवरील काही गोळ्या यात भर घालतात. त्या स्वतःहून बंद करू नयेत; उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना दाखवाव्यात.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात पंचाहत्तरीच्या एका आजोबांना माझ्याकडे आणले. ते असंबद्ध बोलत होते. अंग कोरडे, ताप १०५ फॅरनहाइट. मुलगा म्हणाला, ‘‘डॉक्टर, त्यांनी पाणी मागितलंच नाही.’’ बोलता बोलता कळले, की म्हशीला त्या दुपारी दोनदा पाणी पाजले होते, गोठ्यावर ओले पोतेही टाकले होते. आजोबा मात्र पत्र्याच्या खोलीत झोपले होते. त्यात दुर्लक्षाचा हेतू नव्हता. म्हैस धापा टाकते, दावे ओढते. आजोबा गप्प पडून होते. सुदैवाने ते वाचले.

म्हणून वृद्धांनी पाणी मागण्याची वाट पाहू नये. तासा-दोन तासांनी पेला हाती द्यावा. हृदयविकार वा मूत्रपिंडाचा आजार असल्यास किती पाणी द्यावे, ते डॉक्टरांना विचारून ठरवावे. दुपारी त्यांना पत्र्याखाली ठेवू नये; धाब्याच्या घराची जुनी खोली अधिक बरी. आपली हवा कोरडी असल्याने ओल्या फडक्याने अंग पुसून वारा घातल्यास चांगला गारवा मिळतो. कोरड्या अंगावर नुसता पंखा मात्र गरम हवाच फेकतो.

अंग तापले आणि बोलणे भरकटले, तर तो उष्माघात समजावा. तापाच्या गोळीचा येथे उपयोग नाही, कारण हा जंतुसंसर्गाचा ताप नव्हे. रुग्णाला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये.

आखाजीला आपण पूर्वजांच्या नावाने घागर भरतो. त्याच दिवसापासून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या उशाशीही पाण्याचा तांब्या ठेवावा, आणि तो रिकामा होतो की नाही, हे रोज पाहावे.