गोळीला गुडघा ठाऊक नसतो

"गोळी तर मी तोंडात टाकते. मग तिला कसं कळतंय, की मला गुडघ्यात दुखायलंय?"

किल्लारीच्या एका आजींनी औषधाच्या खिडकीत मला हा प्रश्न विचारला होता. मागं रांग होती. मी हसलो, "कळतं आजी" म्हणालो आणि पुढची चिठ्ठी घेतली. ते खोटं होतं. गोळीला काही कळत नाही. आता निवृत्त झालोय, वेळ आहे, तर नीट सांगतो.

गोळी पोटात विरघळते. आतड्यातून औषध रक्तात शिरतं. वाटेत लिव्हर त्याची झडती घेतं, थोडं तिथंच मोडतं. उरलेलं रक्ताबरोबर निघतं. रक्ताला अंगभर एक फेरी मारायला साधारण मिनिटभर पुरतं. म्हणजे गुडघ्यासाठी घेतलेली गोळी डोक्यातही जाते, पोटाच्या अस्तरातही जाते, किडनीतही जाते. उसाला मोकाट पाणी सोडलं की सरीत जातं, बांधावर जातं आणि तणालाही मिळतं. तसंच हे.

मग गुडघा शांत कसा होतो? दुखऱ्या जागी अंग एक द्रव्य तयार करतं. त्यानं सूज येते, ठणका लागतो. दुखण्याची गोळी ते द्रव्य बनू देत नाही. पण तेच द्रव्य पोटाचं अस्तर सांभाळतं. किडनीला पुरेसं रक्त मिळावं म्हणूनही तेच राबतं. गोळी तिथंही त्याला अडवते. गुडघा शांत होतो आणि पोट जळायला लागतं, ते यामुळं.

आपल्या भागात ही गोष्ट जरा जास्तच महत्त्वाची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, भूकंप झाला आणि गणपती बोळवून झोपलेल्या माणसांवर माळवदं कोसळली. दगडमातीच्या भिंतींखाली माणसं गेली, जी निघाली त्यांतल्या कित्येकांचे हातपाय मोडलेले होते. तेव्हा जे तिशीत होते ते आज साठीच्या पुढं आहेत. जुनी दुखणी आहेतच, वर आता बीपी आणि शुगर आलीय. घरात कुणी ना कुणी रोज दुखण्याची गोळी घेतं. चहाबरोबर चिवडा खावा तशी घेतं.

सोयाबीनच्या काढणीत तर बघायलाच नको. ऑक्टोबरचं ऊन, पोटात भाकर नाही, पाणी बेताचं. कंबर धरली म्हणून सकाळी एक गोळी, दुपारी एक गोळी. त्यात बीपीची आणि जास्त लघवी होण्याची गोळी चालू असेल, तर किडनीवर तिहेरी ओझं पडतं. दुखण्याची गोळी घ्यायचीच असेल तर खाऊन घ्या, पाणी भरपूर प्या आणि थोडेच दिवस घ्या. बीपी, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नका. पाय सुजले, लघवी कमी झाली किंवा डांबरासारखी काळी, चिकट संडास झाली, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

(लोहाच्या गोळीनंही संडास काळी होते. गरोदर सुनेची लाल गोळी, शाळेतल्या मुलींची निळी गोळी. त्याला घाबरून गोळी बंद करू नका. फक्त ती चहाबरोबर घेऊ नका. चहा लोह अंगाला लागू देत नाही. लिंबूपाणी चालेल.)

आता त्या आजींची पिशवी सांगतो. महिन्याभरानं त्या पुन्हा आल्या, पोट धरून. रांग नव्हती. म्हटलं, पिशवी दाखवा. कॅरीबॅगची गाठ सोडली, आत फडक्याची पुरचुंडी, तिच्यात सात पाकिटं. काही कात्रीनं कापलेली, तारीख कुठली ते कळायला मार्ग नाही. त्यांतली दोन मी शेजारी ठेवली. एक गावातल्या डॉक्टरची, एक लातूरच्या हाडाच्या डॉक्टरची. एक हिरवं, एक चंदेरी. ठळक नावं अगदी वेगळी. पण खाली बारीक अक्षरात दोन्हीवर एकच: डायक्लोफेनॅक. आजी दोन्ही घेत होत्या. एक गुडघ्याची, एक कमरेची म्हणून.

चूक कुणाची म्हणाल, तर कुणाचीच धड नाही. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दिसली नव्हती.

म्हणून आज संध्याकाळी एवढं करा. घरातली सगळी औषधं एका ताटात ओता. नातवाला शाळेतून आल्यावर बसवा. ठळक नाव सोडून द्या, त्याखालचं बारीक नाव त्याला वाचायला लावा. तेच नाव दोनदा आलं की ती दोन पाकिटं बाजूला ठेवा आणि मेडिकलवाल्याला किंवा डॉक्टरला दाखवा. पॅरासिटामॉलवर विशेष नजर ठेवा. ती तापाच्या गोळीत असते, सर्दीच्या गोळीत असते, कित्येक अंगदुखीच्या गोळ्यांतही असते. पोटाला सौम्य आहे, पण जास्त झाली की लिव्हर खराब करते. दोन गोळ्यांत चार ते सहा तास जाऊ द्या. दारू पिणाऱ्यानं, वाळलेल्या म्हाताऱ्या माणसानं किती घ्यायची ते विचारूनच घ्यावी.

तारीख उलटलेली औषधं काढून टाका. नाव नसलेल्या पुड्या असतील तर त्याही बाजूला काढा. सांधेदुखीच्या काही पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं सापडतं. पहिल्या आठवड्यात माणूस पळायला लागतो, मग तोंड सुजून गोल होतं. अशी पुडी बरेच दिवस चालू असेल तर एकदम बंदही करू नका. ती घेऊन डॉक्टरकडं जा. लाजू नका.

गोळी दिवसातून तीनदा का, हेही बरेच जण विचारतात. औषध अंगात वस्तीला राहत नाही. लिव्हर ते मोडतं, किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. काही औषधं सहा तासांत संपतात, काही दिवसभर पुरतात. म्हणून घड्याळ. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. काही गोळ्या हळूहळू विरघळतील अशा बनवलेल्या असतात, नावापुढं एसआर किंवा ईआर अशी अक्षरं असतात. त्या कुटू नका, चावू नका. दिवसभराचं औषध एका घटकेत अंगात उतरतं.

बीपीच्या गोळीबद्दल मी आयुष्यभर घसा कोरडा केलाय. "बीपी नॉर्मल आलं, बंद केली गोळी." अहो, ते नॉर्मल आलं गोळीमुळं! भूकंपानंतर तुम्ही पत्र्याच्या शेडमध्ये पावसाळे काढलेत. अंगावर पाऊस पडत नाही म्हणून कुणी पत्रे काढले होते का? गोळी कमी करायची असेल तर डॉक्टर करतील.

शुगरचं उलटं आहे. गोळी रोजचीच, पण पोट रिकामं असेल तर ती घात करू शकते. नवरात्रात उठताबसता उपवास करता, तुळजापूरला पायी निघता, तर आधी जाऊन विचारा: उपवासाच्या दिवशी गोळी किती घेऊ? चालताना घाम फुटला, हात थरथरले, माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर शुद्धीत आहे तोवर साखर किंवा गूळ द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. आणि इन्सुलिन उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवू नका. फ्रीज नसेल तर बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घाला, डबी माठात ठेवा. फ्रीज असेल तर बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं.

सलाईनवर बोललो की लोक माझ्यावर चिडतात. तरी बोलतो. अर्ध्या लिटरच्या साध्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. चमचाभरही मीठ नाही. पिवळी असली तर त्यात जीवनसत्त्वं घातलेली असतात. जुलाब-उलट्यांनी माणूस गळून गेला, पाणी पोटात ठरत नाही, तेव्हा हीच बाटली जीव वाचवते. पण जो माणूस बसून चहा पितोय त्याला ती कशाला? त्याला ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात कालवून घोट-घोट पाजा. हृदयाच्या आणि किडनीच्या माणसाला तर बाटलीचं जादा पाणी धाप लावू शकतं. सुईचंही तेच. इंजेक्शनही शेवटी त्याच रक्तात जातं, फक्त लवकर पोचतं. "सुई मारल्याशिवाय गुण येत नाही" हे आपण डॉक्टरला इतक्या वेळा ऐकवलंय, की तोही आता वाद घालत नाही.

सर्दी-पडशाला अँटिबायोटिक मागू नका. ते जिवाणू मारतं, साध्या सर्दीचे विषाणू त्याला दाद देत नाहीत. दिलंच तर सांगितलेले दिवस पुरे घ्या, उरलं म्हणून शेजारच्या पोराला देऊ नका. टीबीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्यांनी लघवी लालसर-केशरी होते. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग आहे. बरं वाटलं म्हणून मधेच सोडल्या, तर रोग परततो आणि मग त्या गोळ्यांना जुमानेनासा होतो.

आजींना वाचता येत नव्हतं. दोनातली एक गोळी बंद झाल्यावर त्यांचा नातू मार्कर घेऊन बसला. सकाळच्या डबीवर त्यानं सूर्य काढला, रात्रीच्या डबीवर चंद्र. थायरॉईडची गोळी पहाटे रिकाम्या पोटी, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, म्हणून तिच्यावर रिकामं ताट काढलं. आजींनी डबी डोळ्याजवळ धरली, फिरवून पाहिली.

"माय, ह्याच्यात भाकर तरी काढायचीस की रं!"