रंग दारात बघायचा



दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाला गेला की आपल्या इंदूरात प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. परवा आपल्या मंडळातल्या दोघी बहिणी घरी आल्या. हातानं रंगवलेल्या कापडी पिशव्या आणि उशांचे अभ्रे विकतात. आतापर्यंत सगळा धंदा फोनवरून, आता पहिल्यांदाच स्टॉल घेतलाय. थोरलीनं वही उघडली आणि विचारलं, "काकू, दिवे किती लावायचे?"

मी म्हटलं, "आधी चहा घ्या. 'किती' हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न वेगळा आहे आणि तो मला फार उशिरा सुचला होता."

आमचा महेश्वरी साड्यांचा व्यवसाय सासूबाईंनी घराच्या बाहेरच्या खोलीतून सुरू केला. महेश्वर आपल्यापासून दोन-अडीच तासांवर. आई स्वतः जाऊन माल निवडायच्या. रेशमी ताणा आणि सुती बाणा असल्यामुळे या साडीचा रंग उजेडाप्रमाणे हलतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांचा एकच नियम होता: रंग दारात बघायचा. गिऱ्हाइकानं साडी पसंत केली की त्या स्वतः ती घेऊन अंगणाच्या दारात उभ्या राहायच्या, "आता बघा आणि मग सांगा." संध्याकाळी उशिरा कोणी आलं तर चक्क म्हणायच्या, "आवडली ना? ठेवून देते. सकाळी उजेडात बघा आणि मग पैसे द्या." मी नवी सून. मला वाटायचं, अशानं धंदा कसा व्हायचा?

पुढे काम माझ्या हातात आलं आणि मी परगावच्या एका मोठ्या प्रदर्शनात पहिला स्टॉल घेतला. अशा ठिकाणी साधारण मिळते तशी ३ मीटर बाय ३ मीटरची जागा, तीन बाजूंना पांढऱ्या फळ्या, एक टेबल, दोन खुर्च्या, ३ स्पॉटलाइट आणि एक प्लग. एवढा उजेड पुरणार नाही म्हणून बाजारातून स्वस्तातले पिवळे दिवे विकत घेतले आणि सगळीकडे लावून टाकले. जर अशी चमकायला लागली म्हणता! पहिले दोन दिवस विक्री उत्तम झाली. रात्री फोनवर मी आईंना फुशारकीनं आकडे सांगितले.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मुलीच्या साखरपुड्यासाठी डाळिंबी साडी घेतली होती. पिशवीतून साडी काढून हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, तुम्ही पिशवीत दुसरीच साडी घातलीत. ही वांगी आहे." शेजारच्या स्टॉलवरची माणसं बघायला लागली. मी घाईघाईनं साडी उलगडली, तर माझ्या दिव्याखाली ती पुन्हा डाळिंबी! त्याही गोंधळल्या. मग आम्ही दोघी साडी घेऊन थेट हॉलच्या बाहेर उन्हात गेलो. साडी वांगी होती.

मी पैसे परत दिले. दुसरी घ्या म्हणून चार साड्या पुढे केल्या. त्यांनी त्या पाहिल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "राहू द्या. आता कुठलाच रंग खरा वाटत नाही."

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी काही बदललं नव्हतं, पण त्यांची फसगत माझ्या स्टॉलवर, मी लावलेल्या दिव्यांखाली झाली होती. आणि त्याच दिव्यांखाली दोन दिवसांत आणखी किती जणींनी रंग पसंत केले होते, कोण जाणे. त्या सगळ्या काही परत येणार नव्हत्या.

घरी आल्यावर आईंना सगळं सांगितलं. त्यांनी साडी हातात घेतली, सवयीनं दारात नेली आणि एवढंच विचारलं, "तिकडे दार नव्हतं का गं?"

नव्हतं ना. हॉलमध्ये दार शंभर पावलांवर, आणि गिऱ्हाईक काही न दिलेल्या पैशांची साडी घेऊन तिथवर जाणार नाही. म्हणजे दारच आपल्याबरोबर न्यायला हवं. तेव्हापासून मी दिव्यांकडे या नजरेनं बघायला लागले. पुतण्या विजेच्या सामानाच्या धंद्यात आहे, त्यानं बरंच समजावलं, बाकीचं चुकत चुकत कळलं. ते सगळं त्या मुलींना सांगितलं आणि आता तुम्हालाही सांगते.

आधी त्या साडीचं काय झालं ते. वांगी रंगाचं कापड लाल आणि निळा असे दोन्ही प्रकाश परत पाठवतं. पिवळ्या दिव्यात निळा भाग फार कमी असतो. मग परत पाठवायला उरतो मुख्यतः लाल, आणि आपल्याला दिसते डाळिंबी. याच कारणानं गडद निळा रंग अशा दिव्याखाली काळा वाटतो. आणखी एक गंमत म्हणजे दोन कापडं एका दिव्याखाली तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या दिव्याखाली फटकून दिसतात. मॅचिंग ब्लाऊजपीस घेताना आपल्या आया दुकानाच्या पायरीवर का जायच्या, ते आता लक्षात आलं असेल.

दिव्याच्या खोक्यावर दोन आकडे बघायचे. पहिला केल्विनचा. २७०० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा, ४००० म्हणजे मधला पांढरा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. खाण्याचे पदार्थ, लाकूड, पितळ, सोनं यांना २७०० ते ३००० छान दिसतो. मंडळाच्या आनंदमेळ्यात निळसर ट्यूबखाली पुरणपोळी कशी आजारी दिसते, ते आठवा. कापड, चित्रं, रंगीत वस्तू यांना ३५०० ते ४००० बरा. चांदी आणि काचेच्या वस्तूंना त्याहून पांढरा चालतो. पण एका स्टॉलवर पिवळे आणि पांढरे दिवे मिसळून लावू नका. एकाच साडीचा पदर एका रंगाचा आणि काठ दुसऱ्याच रंगाचा दिसतो.

दुसरा आकडा सीआरआयचा. दिवा रंग किती इमानदारीनं दाखवतो, त्याचं हे माप. कमाल १००. साधे एलईडी ८० च्या आसपास असतात. आपण ९० किंवा जास्त मागायचा. इथे एक मेख आहे. हा आकडा आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो आणि त्यात भडक लाल धरलेला नसतो. त्याचं माप वेगळं, त्याला आर-नाइन म्हणतात. आपल्याकडे कुंकवापासून शालूपर्यंत सगळा लालाचा कारभार, म्हणून दुकानदाराला आर-नाइन विचारा. ५० च्या वर असेल तर घ्या. दुकानदार तुमच्याकडे चमकून बघेल, बघू द्या.

आता दिवे लावायचे कुठे? मी केलेली चूक म्हणजे पुढच्या पट्टीवरून मागच्या भिंतीवर झोत टाकला. गिऱ्हाईक साडी बघायला पुढे आलं की त्याचीच सावली साडीवर! शिवाय स्टॉलमध्ये बसलेल्या माझ्या डोळ्यांत दिवसभर उजेड. दिवे भिंतीच्याच वरच्या कडेवरून दीड-पावणेदोन फूट पुढे येणाऱ्या दांडीवर लावा. फळीची उंची साधारण अडीच मीटर असते. तिथून छातीच्या उंचीवर टांगलेल्या वस्तूवर उजेड तिरका पडतो. सावली खाली जाते, डोळ्यांवर येत नाही आणि विणीचा पोत उठून दिसतो.

झोताची रुंदीही खोक्यावर अंशांत लिहिलेली असते. २ मीटर अंतरावरून २४ अंशांच्या दिव्याचं वर्तुळ सुमारे ८५ सेंटिमीटरचं पडतं, ३६ अंशांचं १ मीटर ३० सेंटिमीटरचं, ६० अंशांचं सव्वादोन मीटरहून मोठं. म्हणजे एकाच खास वस्तूला २४, भिंतीभर मांडलेल्या मालाला ३६ किंवा ६०.

आणि हो, सगळीकडे सारखा लख्ख उजेड केला की कुठेच नजर ठरत नाही. हॉलचे वरचे दिवे आपल्याला बंद करता येत नाहीत. दाखवायच्या वस्तूवर आजूबाजूच्या सुमारे तिप्पट उजेड असला की लांबून जाणाऱ्याची नजर तिथे वळते. फोनवरच्या उजेड मोजणाऱ्या अॅपनं ढोबळ तुलना होते, तेवढी पुरते. तीन वस्तू निवडा, त्यांच्यावर झोत टाका, बाकीचा माल मध्यम उजेडात ठेवा. बिल करायच्या टेबलावर एक साधा दिवा मात्र हवाच. हिशेब अंधारात करू नये, आणि तुमचा चेहराही गिऱ्हाइकाला दिसला पाहिजे.

हल्ली गिऱ्हाईक एकटं येत नाही, पुण्याची बहीण व्हिडिओ कॉलवर असते. स्वस्त एलईडी आपल्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते कळत नाही, पण कॅमेऱ्यात काळे पट्टे फिरतात. विकत घेण्याआधी दिवा लावून फोनच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करा. उजेड धडधडताना दिसला तर तो दिवा परत ठेवा.

वीज किती लागेल, हे आयोजकांना आधी कळवावं लागतं. १२ वॉटचे ८ दिवे म्हणजे ९६ वॉट फक्त. चहाची किटली एकटी दीड हजार वॉट खाते, तेव्हा ती घरीच ठेवा. जुने हॅलोजन फुकट मिळाले तरी घेऊ नका. ते तापतात आणि आपल्याभोवती कापड आणि कागद असतात. आयएसआय खुणेची वायर, चिकटपट्टी गुंडाळलेला जोड सतरंजीखाली नको, आणि दोन दिवे जास्तीचे जवळ ठेवा. ग्वाल्हेरच्या, १९०५ पासून भरणाऱ्या व्यापार मेळ्यासारख्या ठिकाणी संध्याकाळीच खरी गर्दी असते. तिथे दिवे लावून बघायचे ते अंधार पडल्यावर. दुपारी केलेली मांडणी रात्री वेगळीच दिसते.

एवढं सगळं लिहून घेतल्यावर धाकटीनं विचारलं, "पण काकू, इतकं करूनही दिव्याखालचा रंग आणि उन्हातला रंग एक होईल का?"

नाही होत. शंभर टक्के कधीच नाही. म्हणून माझ्या स्टॉलच्या उजव्या कोपऱ्यात, टेबलाच्या कडेला, एक वेगळा दिवा असतो. चांगल्या सीआरआयचा, ५००० केल्विनचा, दुपारच्या उजेडाच्या जवळ जाणारा. बाकीच्या दिव्यांपासून तो कोपरा एका उभ्या फळीनं आडोसा करून वेगळा ठेवलाय, म्हणजे उजेडांची सरमिसळ होत नाही. घरात आम्ही त्याला 'दार' म्हणतो. साडी पसंत झाली की मी म्हणते, "या, दारात बघा." काही जणी तिथे नाही म्हणतात. साडी घडी होऊन परत जागेवर जाते आणि त्या दिवसाचा गल्ला तेवढा कमी होतो. पहिल्या वर्षी ते फार टोचलं. पण तेव्हापासून रंगाच्या कारणानं एकही साडी परत आलेली नाही, आणि दरवर्षी येणाऱ्या काही जणी तर आल्या आल्या स्वतःच त्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहतात.

मुलींना निघताना मी कपाटातून एक साडी काढून दाखवली. तीच, वांगी. मी ती पुन्हा कधी विकायला ठेवली नाही. प्रत्येक प्रदर्शनात दिवे लावून झाले की सगळ्यात आधी ही साडी प्रत्येक दिव्याखाली धरते. डाळिंबी दिसली की दिवा बदलायचा. वांगी दिसली की मगच बाकीचे गठ्ठे सोडायचे.

थोरलीनं वही मिटली. तिच्या खांद्याला त्यांच्याच हातची जांभळी रंगवलेली पिशवी होती. दोघी बाहेर पडल्या आणि पायरीवर थांबल्या. धाकटीनं ती पिशवी उन्हात धरली, मग आत येऊन आमच्या बैठकीच्या दिव्याखाली धरली आणि म्हणाली, "ताई, आपल्यालाही ही एक घरी ठेवावी लागणार."

यंदा स्टॉल लावणाऱ्या सगळ्यांना शुभेच्छा. भेटू पुढच्या महिन्यात!