गुगलच्या पहिल्या पानाची गॅरंटी



तुमचा घरचा छोटा व्यवसाय असेल आणि त्याचा ब्लॉग किंवा वेबसाईट असेल, तर हा फोन तुम्हाला आज ना उद्या येणारच. "मॅडम, तुमची वेबसाईट गुगलवर दिसतच नाहीये. आम्ही तीस दिवसांत पहिल्या पानावर आणून देतो. शंभर टक्के गॅरंटी!"

बंगळुरूत आमच्या सोसायटीत राहणाऱ्या एका वहिनींना दिवाळीनंतर असाच फोन आला. वहिनी मूळच्या सोलापूरच्या. घरून पुरणपोळी, थालीपिठाची भाजणी आणि दिवाळीचा फराळ विकतात. मुलाने हौसेने ब्लॉग काढून दिलेला. फोनवाल्याने पंचवीस हजार मागितले. त्या वर्षी फराळातून खर्च वजा जाता जेवढे हातात उरले, जवळपास तेवढेच. पैसे भरायच्या आदल्या संध्याकाळी वहिनी माझ्याकडे आल्या. "काय करू गं, देऊन टाकू का?"

तुम्हालाही हा प्रश्न पडला असेल, तर आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पहिल्या क्रमांकाची गॅरंटी कोणीही देऊ शकत नाही. गुगलने स्वतःच हे आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलंय. पैसे देऊन वर दिसता येतं ते फक्त जाहिरातीत, आणि तिथे ती जाहिरात असल्याचं लिहिलेलं असतं. जाहिरात दिली म्हणून खालच्या नेहमीच्या यादीत तुमचा नंबर वर सरकत नाही.

मग हे लोक पंचवीस हजारांत करतात तरी काय? बऱ्याचदा लिंक विकतात. 1998 मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गुगल सुरू केलं, तेव्हा त्यांची मूळ कल्पना साधी होती. गावात चार जाणती माणसं ज्या वैद्याचं नाव घेतात, त्याच्याकडे आपण विश्वासाने जातो. तसंच, ज्या पानाकडे इतर चांगली पानं बोट दाखवतात, ते पान भरवशाचं. झालं! लोकांनी खोटी बोटं विकायला सुरुवात केली. 2012 मध्ये गुगलने 'पेंग्विन' नावाचा बदल आणून अशा लिंकांना लगाम घातला. आजही नंबर वाढवण्यासाठी लिंक विकत घेणं गुगलच्या नियमांत स्पॅममध्ये मोडतं आणि त्यापायी तुमचा ब्लॉग आणखी खाली जाऊ शकतो. म्हणजे पैसे देऊन नुकसान!

तो माणूस 'कीवर्ड टॅग' भरून देतो असंही म्हणाला होता. नंबर ठरवताना हा टॅग आपण बघतच नाही, हे गुगलने 2009 मध्येच जाहीर केलंय.

वहिनी म्हणाल्या, "पण मी तर दिसते की गुगलवर!" त्यांनी स्वतःच्या ब्लॉगचं नाव टाकून दाखवलं. दिसला, अगदी पहिला. पण ज्याला ते नाव आधीच माहीत आहे, तो गिऱ्हाईक त्यांच्याकडे येणारच होता. प्रश्न नाव माहीत नसलेल्यांचा आहे. ते काय टाईप करतील?

मग आम्ही ब्लॉग उघडला. पहिल्या लेखाचं शीर्षक 'माझा पाककलेचा प्रवास'. असं कोण शोधणार? दरपत्रक होतं, पण ते फोटोत. फोटोतला मजकूर गुगलला वाचता येईलच याचा भरवसा नसतो, तो साध्या अक्षरांत लिहिलेला बरा. माल कोणकोणत्या भागात पोचवतात, ते कुठेच नव्हतं. संपूर्ण ब्लॉगवर 'बंगळुरू' हा शब्दसुद्धा नव्हता!

आणखी एक गंमत. आपण जिला पुरणपोळी म्हणतो, तिला इथले कन्नड शेजारी होळिगे किंवा ओब्बट्टू म्हणतात आणि तेलुगू मंडळी बोब्बट्लू. महाराष्ट्राबाहेर व्यवसाय करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे विसरून चालत नाही. शिवाय बरेच मराठी लोकही मोबाईलवर रोमन लिपीतच टाईप करतात. म्हणून गिऱ्हाईक जो शब्द वापरतं, तो तुमच्या पानावर सहज येऊ द्या. 'पुरणपोळी, म्हणजे इथली होळिगे' असं एकदा लिहिलं तरी पुरे. तोच शब्द वीस वेळा कोंबलात तर वाचणारा पळेल आणि गुगललाही ते चालत नाही.

"पण मी लिहू काय? मला कुठे लेखिका व्हायचंय?" वहिनींचा खरा प्रश्न हा होता. मी म्हटलं, "तुमचं व्हॉट्सअॅप दाखवा."

तिथे सगळा ब्लॉग तयार होता. पोळी किती दिवस टिकते? विमानाने नेता येईल का? फ्रीजमधली पोळी कडक न होता गरम कशी करायची? भाजणीत गहू आहे का, आमच्याकडे एकाला चालत नाही. पन्नास पोळ्या हव्या असतील तर किती दिवस आधी सांगायचं? वहिनी ही उत्तरं रोज एकेकीला टाईप करून देत होत्या. तीच एकदा ब्लॉगवर लिहायची. एका प्रश्नाला एक पान, शीर्षकात तोच प्रश्न, पहिल्या दोन ओळींत उत्तर आणि मग सविस्तर माहिती. अनुभवातून आलेलं असं उत्तर दुसरीकडे सहसा मिळत नाही. एआयकडून एका रात्रीत पन्नास लेख पाडून घ्यायचा मोह होईल, तो टाळा. केवळ नंबरासाठी असा ढीग रचणं हेही गुगलच्या लेखी स्पॅमच.

याबरोबर तीन फुकटातली कामं करा.

पहिलं, गुगल बिझनेस प्रोफाइल. गिऱ्हाईक तुमच्याकडे येत असेल किंवा तुम्ही माल पोचवत असाल, तर ते काढता येतं. घरचा पत्ता लोकांना दाखवायचा नसेल तर लपवता येतो आणि फक्त कोणत्या भागात सेवा देता ते दाखवता येतं. आम्हा बायकांसाठी ही मोठी सोय आहे.

दुसरं, रिव्ह्यू. समाधानी गिऱ्हाइकाला 'दोन ओळी लिहाल का?' असं जरूर विचारा. पण 'रिव्ह्यू लिहा, दहा टक्के सूट घ्या' असं करू नका, ते नियमात बसत नाही. भाचे-पुतणे बसवून खोटे रिव्ह्यू तर नकोच.

तिसरं, गुगल सर्च कन्सोल. लोक काय शोधताना तुमचं पान त्यांच्यासमोर आलं आणि कितींनी ते उघडलं, हे इथे दिसतं. महिन्यातून एकदा बघा. पुढचा लेख कशावर लिहायचा, तेही इथेच सापडेल.

आणि धीर धरा. काही बदल काही तासांत दिसतात, काहींना काही महिने लागतात. दिवाळीची गिऱ्हाइकं हवी असतील तर गणपतीच्याही आधी लिहायला बसा.

वहिनींनी पैसे दिले नाहीत. दर रविवारी दुपारी एक प्रश्न घेऊन बसल्या. पहिले दोन महिने काहीच हललं नाही. "त्याला पैसे दिले असते तर?" असं त्यांनी मला दोनदा विचारलंही. मग होळीच्या आधी शहराच्या दुसऱ्या टोकाहून एका अनोळखी बाईंचा फोन आला. "विमानाने पोळ्या कशा न्यायच्या, ते तुम्हीच लिहिलंय ना? मला सासूबाईंसाठी दिल्लीला न्यायच्यात. पंचवीस मिळतील?"

ऑर्डरींचा पाऊस वगैरे पडला नाही. त्या होळीला ब्लॉग वाचून आलेली गिऱ्हाइकं मोजून अकरा. पण त्यांतली एकही वहिनींच्या ओळखीची नव्हती, आणि दिवाळीचे पैसे अजून बँकेत आहेत.

आज रात्री एवढंच करा. व्हॉट्सअॅप उघडा आणि गिऱ्हाइकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले पाच प्रश्न वहीत उतरवून ठेवा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर या रविवारी लिहा.

आणि तो गॅरंटीवाला फोन आला, तर शांतपणे म्हणा, "भाऊ, गॅरंटी आम्ही फक्त पुरणपोळीची देतो."

भेटूया पुढच्या भागात!