अक्षरे जुळली, पण काम जुळते का?

१९८७ साली लंडनमध्ये मेलानी ली आणि पॉल नर्स यांनी धाडसी प्रयोग केला. त्यांच्याकडच्या यीस्टमध्ये पेशीविभाजनाची सूत्रे हलवणारे सीडीसी२ हे जनुक अधू होते. तापमान वाढले की ते बंद पडे. पेशी विभागायच्या थांबत आणि नुसत्या लांबत राहत. अशा पेशींत त्यांनी मानवी डीएनएचे असंख्य तुकडे सोडले. बहुतेक पेशी अडकूनच राहिल्या. मोजक्या मात्र पुन्हा विभागू लागल्या, कारण त्यांच्यात शिरलेले मानवी जनुक सीडीसी२चे काम बिनबोभाट करत होते. माणूस आणि यीस्ट यांच्या वाटा वेगळ्या होऊन सुमारे शंभर कोटी वर्षे उलटली, तरीही!

पण म्हणून दोन जनुकांची अक्षरे जुळली की त्यांचे कामही जुळणार, असे धरून चालता येत नाही.

टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील प्रयोगशाळेत आशिक काचरू, एडवर्ड मार्कोट आणि सहकाऱ्यांनी याची पद्धतशीर झडती घेतली. ज्यांच्यावाचून यीस्ट जगत नाही अशी ४१४ जनुके त्यांनी निवडली आणि एकेकाच्या जागी मानवी भाऊबंद आणून पाहिला. २०१५ मध्ये निकाल जाहीर झाला: जवळपास निम्म्या ठिकाणी यीस्ट तगले. गोम पुढेच आहे. अक्षरांच्या साम्यापेक्षा ते जनुक कोणत्या गटात काम करते, यावर यशापयश अधिक ठरत होते. निकामी प्रथिनांची विल्हेवाट लावणाऱ्या प्रोटिएसोमचे बहुतेक भाग बदलता आले. डीएनएची नक्कल सुरू करणाऱ्या गटात मात्र जवळजवळ काहीच जमले नाही.

हा प्रश्न रुग्णापर्यंतही पोहोचतो. जनुकचाचणीच्या अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आला की डॉक्टरही हतबल होतात. बर्कलीत जॅस्पर राइन यांच्या गटाने २००८ मध्ये माणसांत आढळणारे एमटीएचएफआर जनुकाचे वेगवेगळे प्रकार यीस्टमध्ये घालून तपासले. काही प्रकार दुबळे निघाले. त्यांतले बहुतेक फोलेट हे जीवनसत्त्व वाढवताच सावरले. नुसती अक्षरे वाचून हे कळले नसते.

‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने सुमारे दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. काम मोठेच आहे, पण वाचन ही निम्मीच लढाई. त्यातले वेगळेपण कुठे घातक आणि कुठे निरुपद्रवी, हे प्रयोगानेच ठरेल. यीस्ट स्वस्त आहे, भराभर वाढते आणि विद्यापीठांच्या साध्या प्रयोगशाळांतही हाताळता येते.

यीस्टला ना मेंदू, ना हृदय. त्यामुळे अनेक मानवी जनुकांची तिथे परीक्षाच घेता येणार नाही, आणि यीस्ट वाढले नाही म्हणजे जनुक सदोष, असेही नाही. कदाचित परक्या पेशीत त्याला जोडीदार प्रथिने मिळाली नसतील. पण जिथे ही चाचणी शक्य आहे, तिथे तिच्यासाठी स्वतंत्र निधी आता राखून ठेवायला हवा.