पोराला पिक्चर काढायचाय, मग बी. ए. कशात?

बारावीचा निकाल लागला की मेढ्याच्या एस. टी. स्टँडवर एकच चर्चा असते, पोरगं पुढं काय घेणार? नर्सिंग, इंजिनिअरिंग, पोलीस भरती हे घरच्यांना कळते. पण पोरगा किंवा पोरगी 'मला दिग्दर्शक व्हायचंय' म्हणाली, की बापाच्या कपाळाला आठ्या पडतात. पालकहो, ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका आणि घाबरूनही जाऊ नका.

आधी एक गैरसमज दूर करू. दिग्दर्शनासाठी बारावीनंतर लगेच 'सिनेमाचा कोर्स' लागतो, असे नाही. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. तिथल्या दिग्दर्शनाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला कोणत्याही विषयाची पदवी चालते; प्रवेश परीक्षा मात्र द्यावी लागते.

मग विषय कोणता? दाखले पाहा. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे मराठीत एम. ए. झाले, नंतर नगरला जनसंवाद शिकले आणि २०१६ साली 'सैराट' घेऊन आले. 'सामना' (१९७५) करणारे जब्बार पटेल डॉक्टर. सुमित्रा भावे समाजकार्य शिकलेल्या. चैतन्य ताम्हाणे इंग्रजी साहित्याचे. चौघांचे विषय चार. समान गोष्ट एकच, माणसं वाचायची सवय.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. साताऱ्याला रोज एस. टी.ने जाऊन-येऊन जमेल अशी पदवी घ्या. मराठी, इतिहास, समाजशास्त्र यांतून गोष्ट सांगायला बळ मिळते. शास्त्राची आवड असेल तर भौतिकशास्त्र घ्या. प्रकाश आणि आवाज हा तर सिनेमाचा संसार आहे. हिशोबाचे डोके असेल तर कॉमर्सही वाया जात नाही. मात्र विषय असा हवा, की उद्या सिनेमा जमला नाही तरी भाकरीची सोय होईल.

खरा धोका दुसरीकडेच आहे. भरमसाट फी घेऊन सहा महिन्यांत 'डायरेक्टर' करून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागून जमीन विकू नका, सोसायटीचे कर्ज काढू नका. 'ख्वाडा'साठी भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकली, असा दाखला पोरं देतील. पण त्यांनी ती चित्रपट काढायला विकली, फी भरायला नव्हे. शिवाय ज्यांची जमीन गेली आणि चित्रपटही झाला नाही, त्यांची बातमी कुणी छापत नाही.

कॉलेजांनीही हातभार लावावा. गॅदरिंगला एकांकिका बसवता, तशी महिन्याला एक चांगली फिल्म दाखवा, तिच्यावर पोरांना बोलू द्या, लिहू द्या. खर्च फार नाही.

आणि मुलांनो, आपल्या जावळीत गोष्टींचा दुष्काळ नाही. मुंबईत ओझी वाहणारा माथाडी बाप, गावाकडे एकटीने शेती ओढणारी आई, कोयनेच्या पाण्याखाली गेलेली गावं. हातात मोबाइल आहेच. पदवीचा फॉर्म भरा आणि पहिल्याच वर्षी मेढ्याच्या बाजारावर दहा मिनिटांची फिल्म करून दाखवा. ती पाहून घरचा विरोधही निम्मा होईल.