त्वचेचे घड्याळ

अमेरिकेतील मुलाकडे निघालेल्या आई-वडिलांचे जागरण बीडहून मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या बसमध्येच सुरू होते. पुढे न्यूयॉर्कला उतरल्यावर उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक पडतो. मनगटावरचे घड्याळ क्षणात फिरवता येते; शरीरातील घड्याळ मात्र दिवसाला साधारण तासभरच सरकते.

सोरायसिस किंवा इसब असणाऱ्यांना हा फरक अधिक जाणवू शकतो, कारण त्वचेच्या पेशींनाही स्वतःचा दिनक्रम असतो. रात्री दाह आवरणारे कॉर्टिसॉल कमी होते, त्वचेतील ओलावा अधिक उडतो आणि खाज बळावते. त्यात झोपमोड व विमानातील कोरडी हवा यांची भर पडली की शांत झालेला विकार पुन्हा डोके वर काढू शकतो. अशा वेळी परक्या पाण्याला दोष देऊन औषध सोडू नये.

खरा धोका औषधांच्या वेळापत्रकात आहे. सोरायसिसवरील मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून ठरलेल्या वारीच घ्यायची असते. वाराच्या गोंधळात ती पुन्हा घेतली गेली, तर जिवावर बेतू शकते. स्टेरॉइडच्या गोळ्याही परस्पर बंद करू नयेत. म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून वार व वेळ लिहून घ्यावी. औषधे चिठ्ठीसह हातातील पिशवीत ठेवावीत.

मुलांनीही पहिल्या आठवड्यात पाहुणचाराचे बेत आखू नयेत. दिवसा कोवळे ऊन, रात्री अंधार आणि स्वस्थ झोप, एवढे आधी लाभू द्यावे.